ग्रिल का तापत नाही

वेंडेल,

मी रात्रपाळीला निघाले. चिठ्ठी तुझ्या उशीवर ठेवतेय, कारण फ्रिजवर लावली तर डॅड वाचतील.

अंगणातल्या गॅसच्या ग्रिलला हात लावू नकोस आणि डॅडना तर मुळीच लावू देऊ नकोस. ते चार दिवस बर्नरच्या नावाने खडे फोडतायत, पण बर्नर ठणठणीत आहेत. गॅस कुठे गळत असला की सिलिंडरवरचा रेग्युलेटर आपणहून गॅस कमी सोडतो, म्हणून आच वाढत नाही. मी दुपारी नळीला साबणाचं पाणी लावून बघितलं. जोडापाशी भराभर बुडबुडे आले.

नळी काय, नवी मिळेल. पण वास इतका उग्र होता की माझं डोकं भणभणलं, आणि डॅड माझ्या शेजारीच उभे होते. म्हणाले, "कसला वास? तुझं आपलं नेहमीचंच." परवा ते नासलेलं दूध कॉफीत घालून प्यायले, तेव्हा आपण दोघं हसलो होतो. आठवतंय ना?

सिलिंडर बंद केलाय. ग्रिलची बटणं काढून माझ्या पर्समध्ये घेतलीत. त्यांनी विचारलं तर माझं नाव सांग, शिव्या मी खाईन.

स्वयंपाकघरातल्या शेगडीची बटणं मात्र माझ्याने निघाली नाहीत. गजर साडेचारचा लाव आणि या वेळी खरंच ऊठ. पाच वाजता ते कॉफी ठेवायला तीच पेटवतात, त्याआधी तू तिथे वास घेऊन बघ.

लोरेटा