सूतभर मागे

३ फेब्रुवारी, सोमवार

१३ घरं. ६८ कि.मी. फेल ३.

फेल म्हणजे दुसऱ्यांदा सुई टोचावी लागली. घरोघरी जाऊन रक्त काढायचं म्हणजे लोक उपाशीपोटी वाट बघत बसलेले असतात, एक तर आधीच वैतागलेले. त्यात दोनदा टोचलं की तोंडं बघण्यासारखी होतात. सतरा वर्षं या कामात. पूर्वी महिन्यातून तीन फेल झाले तर मी घरी सांगायचो, आज एका दिवसात तीन.

शीर डोळ्यांनी नाही, बोटाने शोधायची, हे लॅबमधल्या नव्या मुलींना मीच शिकवतो. आणि माझंच बोट, उजव्या अंगठ्याशेजारचं, सकाळी गाडीवर बसलो की पळसदरी येईपर्यंत झोपतं. खोपोलीला पोचेस्तोवर अंगठा आणि मधलं बोट त्याच्या जोडीला. आधी मुंग्या, मग काहीच नाही. वरून हातमोजा. सतरंजीवरून पाठ खाजवल्यासारखं.

५ फेब्रुवारी, बुधवार

फेल २.

आबांना लकवा झाला तो उजव्या बाजूचाच. आई सांगायची, महिनाभर आधीपासून त्यांची बोटं झोपायची, हातातून विळा सुटायचा. सुरेखाला अजून काही बोललो नाही. बायकोला सांगितलं की ती भावाला सांगणार, आणि भाऊ साऱ्या दहिवलीला.

ठरवलं, आधी रक्त तपासू. घरचीच लॅब. सकाळी कुणी यायच्या आत डाव्या दंडाला पट्टा दातांनी ओढून बांधला. तिसऱ्या वेळी मिळालं. हे दोन फेल वरच्या आकड्यात धरलेले नाहीत. फॉर्मवर नाव लिहिलं प्रकाश जाधव, वय ४२. शुगर, बी-१२, थायरॉइड, सगळ्यावर खूण केली. करायचं तर पूर्ण करावं.

८ फेब्रुवारी, शनिवार

प्रकाश जाधव ठणठणीत. कुठेही लाल अक्षर नाही.

दुपारी मॅडमनी आत बोलावलं. लॅब त्यांची, डॉक्टर त्या, पण बोलणं मोजकं. रिपोर्ट माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "या जाधवांना सांगा, पुढच्या वेळी स्वतःच्या नावाने या. फोन नंबर तुमचाच लिहिलाय."

अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

मग सगळं सांगितलं. त्यांनी हात दाबून पाहिला, दोन्ही मनगटं वाकवून मिनिटभर धरायला लावली. उजव्यात लगेच मुंग्या. लकवा नाही म्हणाल्या. मनगटात नस दाबली जातेय. दिवसभर हात वाकवून काय करता? म्हटलं, सुया टोचतो. ते पाच मिनिटांचं काम झालं, आणखी काय? आणखी मला काहीच सुचलं नाही.

लकवा नाही. जिन्यात उभा राहून दोनदा स्वतःशी म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं, येऊ दिलं.

पण तक्रारी चार आल्यात. महिनाअखेरपर्यंत बघायचं, नाहीतर १ तारखेपासून मी काउंटरवर, रिपोर्टांची पाकिटं चिकटवत. मॅडम वाईट नाहीत. त्यांच्या जागी मी असतो तर आजच बसवला असता. पण सतरा वर्षं ज्या बोटावर खाल्लं ते बोट डिंकात बुडवायचं म्हणजे…

९ फेब्रुवारी, रविवार

मुलगी अनू लहान असल्यापासून आमचा एक खेळ आहे. ती हात पुढे करते, मी डोळे मिटून तिची शीर शोधतो. निळी रेघ तिला दिसते, मला नाही. बोट नेमकं पडलं की ती 'बरोबर' म्हणते. आता आठवीत आहे, शिंगं फुटलीत, तरी आज म्हटल्यावर बसली.

खरं सांगायचं तर बोटाखाली काही लागलं नाही. अंदाजाने ठेवलं. "बरोबर," ती म्हणाली. दुसऱ्या हातावरही बरोबर. म्हणजे वाटतंय तेवढं वाईट नाही. जरा धीर आला, दोन भाकऱ्या जास्त गेल्या.

११ फेब्रुवारी, मंगळवार

फेल ४. त्यातले दोन एकट्या सीताआजींचे.

आजी कुंभिवलीच्या, ऐंशीच्या पुढच्या, किडनीचं दुखणं. एक मंगळवार सोडून एक मंगळवार त्यांचं रक्त असतं. त्यांच्या शिरा म्हणजे ओल्या सुतासारख्या, बोटाखालून सरकतात. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत, माझ्यासाठी दार उघडं ठेवून ओट्यावर बसलेल्या असतात. आज दोनदा चुकलं. हातावर काळंनिळं झालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी तोच हात पुन्हा पुढे केला. तिसऱ्या वेळी कसंबसं निघालं.

कापूस दाबून धरला होता तेव्हा आजींनी विचारलं, "संतू, तू गाडीवं असा ओणवा का रं बसतोस? लावनीला वाकल्यावानी. सगळा भार हातावं."

म्हटलं आजी, सगळे असेच बसतात.

"सगळं नाय बसत. मी रोज हितं बसून रस्ताच बघते. दुसरा धंदा काय हाय मला?"

हसण्यावारी नेलं. मॅडमना नस कळली, आता आजींना गाडी कळणार.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

फेल ३.

खोपोलीत एका फर्निचरच्या दुकानाला मोठी काच आहे. तिच्यासमोरून जाताना बघितलं. मग वळसा घालून परत गेलो आणि परत बघितलं. दुकानदाराला वाटलं असेल, कपाट घ्यायचंय.

आजी खोट्या नाहीत. हात सरळ ताणलेले, खांदे कानाशी, मनगटं मागे मोडलेली. मुठी एवढ्या लांब की त्या धरायला मी टाकीवर पालथा. अकरा वर्षं हीच गाडी, आणि मला आज दिसलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

नाक्यावर मेकॅनिक बाळारामकडे. आमच्या दोन्ही गाड्या, आधीची आणि ही, त्याच्याच हाताखालून गेल्यात. माझं ऐकून घेतलं नाही. म्हणाला बस गाडीवर. बसलो. चारी बाजूंनी बघून आला, म्हशीचा सौदा करायला आल्यासारखा.

"हँडल पुढं कोनी सारलं?"

म्हटलं कुणी नाही, कंपनीतून आलं तसंच आहे. त्याने फडक्याने धूळ पुसली आणि बोट ठेवून दाखवलं. हँडलच्या नळीवर एक ठोकलेलं टिंब असतं. नळी जिथे आवळलेली असते तिथल्या सांध्याशी ते जुळलं पाहिजे. माझं टिंब सांध्याच्या वर, सूतभर.

"हितं सूतभर, तर मुठीशी दोन बोटं. कंपनी अशी देत नाय. कोनीतरी पाना लावलाय."

मग इतकी वर्षं तू काय बघत होतास, म्हटलं. तेल बघत होतो म्हणाला, तू कसा बसतोस ते बघायला मी काय तुझा सासरा हाय?

चार बोल्ट ढिले करून त्याने हँडल टिंबावर आणलं. बसून बघितलं, स्वर्ग. म्हटलं अजून घे मागे. घेतलं. अजून थोडं. तो नको म्हणत होता. मी ऐकलं नाही. राजासारखा ताठ बसून घरी आलो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

राजा तोंडावर पडता पडता वाचला.

पळसदरीच्या पुढे डावीकडे वळताना गाडीची रेस आपोआप वाढली. मी मूठ पिळलेली नाही, गाडी पळतेय. वळणाच्या कडेला मातीत गेलो, ब्रेक दाबून थांबलो. नमुन्यांचा डबा शाबूत. उजवीकडे पूर्ण वळवलं की मूठ गुडघ्यावर आपटते. मनगट आधी मागे मोडायचं, आता आत मोडतं. दिवसभर सांभाळून चालवली. फेल ३.

अति तिथे माती, ती आज बुटाला लागली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी परत बाळारामकडे. तो आधी हसला, मग रेसची केबल बघून गंभीर झाला. हँडल फार मागे घेतल्याने केबल अडकली होती, वळलं की ताणायची. "मेला असतास की रं," एवढंच म्हणाला, आणि स्वतःवरच चिडल्यासारखं पाने काढत बसला.

आज मी तोंड उघडलं नाही. त्याने सगळं ढिलं केलं आणि म्हणाला डोळे मीट. मिटले. हात खाली सोडायला लावले, खांदे सोडायला लावले. मग, आता हात पुढे घे, जातील तिथे जाऊ देत.

"आता हलू नको. हात जातो तिथं मूठ आली पायजे. मुठीकडं हात नाय न्यायचा."

हँडल त्याने माझ्या हाताशी आणलं आणि तिथेच आवळलं. टिंब बघितलं तर जवळजवळ सांध्यावर, केसभर मागे. ब्रेक आणि क्लचचे दांडेही थोडे खाली वळवले, मनगट सरळ राहावं म्हणून. केबल सोडवून दुसऱ्या बाजूने घेतली. मग इंजिन चालू ठेवून हँडल दोन्हीकडे टोकापर्यंत वळवून कान देऊन ऐकलं. चार वेळा. पाचव्यांदा मला ऐकायला लावलं.

डोळे मिटून काम करणारा मी एकटाच नाही तर.

१९ फेब्रुवारी, बुधवार

फेल १!

बोट खोपोलीपर्यंत जागं. पुढे जरा मुंग्या आल्या, थांबून हात झटकला, गेल्या. पाठ दुखली नाही. पाठ दुखत होती हेच मला आज कळलं, ती दुखायची थांबल्यावर.

जेवताना घरी सगळं सांगून टाकलं. बोट, तक्रारी, मॅडम, जाधव. सुरेखा आधी रागावली, लपवल्याबद्दल, ते मी मान खाली घालून ऐकलं. मग म्हटलं, हँडल कुणी सारलं ते मात्र कळत नाही. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"अहो, तुम्हीच. अनूसाठी नाही का?"

मला काही आठवेना. तिने जुन्या मोबाइलमधला फोटो शोधून पुढे धरला. अंगणात गाडी, टाकीवर चार वर्षांची अनू, दोन शेंड्या, तिच्या डोक्यावर माझी हनुवटी. मग आठवलं. ती पुढे बसायची, वळताना हँडल पोटाला लागायचं, रडायची. बालवाडी सुरू व्हायच्या आधीचा रविवार. शेजारच्या टेंपोवाल्याचा पाना मागून आणला आणि हँडल पुढे ढकललं. तिला बसवून इकडेतिकडे वळवून बघितलं, लागतं का गं? नाही म्हणाली.

दोन वर्षं पुढे बसली. मग मागे. आता दोघांच्या मध्ये तिचं दप्तर असतं. हँडल तिथेच राहिलं. तेव्हा काम लॅबमध्येच, घरापासून दहा मिनिटं, काही जाणवायचं कारण नव्हतं. दिवाळीपासून हे फिरतीचं सत्तर कि.मी. सुरू झालं आणि नस बोलायला लागली.

मी कुणाकुणाला शिव्या घातल्या होत्या मनात. बाळारामला, कंपनीला, एकदा मेव्हण्यालाही. आणि पाना माझ्याच हातात. पण वाईट वाटलं नाही. खूप बरं वाटलं. फोटो माझ्या मोबाइलवर घेतला.

२३ फेब्रुवारी, रविवार

चार दिवसांत फेल ३. सगळे मिळून.

अनू बुधवारपासून गप्प गप्प होती. आज गाडी धुताना पाइप धरायला आली आणि पाण्याकडे बघत म्हणाली, पप्पा, त्या दिवशी दोन्ही चूक होते.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

का म्हणालीस बरोबर?

"तुमचं तोंड बघून."

राग आला. याच भरवशावर मी त्या मंगळवारी आजींच्या हाताची चाळण केली. पण मी घरात महिनाभर लपवलं, तिने दोन शब्द लपवले. कुणाची पोर आहे शेवटी. म्हटलं, पाणी टाकीवर मार, माझ्या पायावर नको.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सीताआजी. एकाच टोचण्यात.

आजींच्या घराआधी चौकात थांबून मुद्दाम पाच मिनिटं हात मोकळा केला. पहिल्यांदाच सुई धरतोय असं वाटत होतं. बोट ठेवलं. शीर सरकली, बोट तिच्यामागे गेलं, थांबली, थांबलं. आजी तोंड फिरवून बसल्या होत्या. मी कापूस लावला तरी तशाच.

"कर की लवकर."

झालं आजी, म्हटलं.

त्यांनी हात बघितला, मग मला बघितलं. "मंग गेल्या खेपंला कंचा खेळ चालला हुता?"

निघताना वालाच्या शेंगा दिल्या, पिशवीभर. ओट्यावरून मी बसतो कसा ते बघत राहिल्या. बसलो. मान हलवली त्यांनी. सर्टिफिकेट मिळालं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

१४ घरं. ७१ कि.मी. फेल ०.

संध्याकाळी मॅडमनी विचारलं, जाधव कसे आहेत? म्हटलं बरे आहेत, पुष्कळ बरे. बोटाच्या टोकाला तांदळाएवढी जागा अजून बधिर आहे, तेही सांगितलं. आता लपवायचं नाही ठरवलंय. त्यांनी पुन्हा मनगट वाकवून पाहिलं. उद्यापासून फिरतीवर मीच. काउंटरचं मार्चअखेर परत बघू म्हणाल्या. ती जागा भरून येईल का, विचारलं. बहुतेक, म्हणाल्या. डॉक्टर लोकांचं 'बहुतेक' मला सतरा वर्षांत कळलेलं नाही.

घरी आलो तर अनू आपणहून हात पुढे करून बसली. म्हटलं, खोटं बोलायचं नाही हां. मान हलवली.

डोळे मिटले. खांदे सोडले, हात सोडला, मग पुढे नेला. कोपराच्या खळगीत जरा आतल्या अंगाला ती बोटाखाली आली. मऊ, दाबली की उसळणारी.

"चूक," अनू म्हणाली.

बोट उचललं नाही. पुन्हा हलकेच दाबून बघितलं.

म्हटलं, हीच आहे.

हसू दाबताना तिचा हात माझ्या बोटाखाली हलला. मी डोळे उघडले नाहीत.