शिवांजलीचा नवरोज

शिरूर कासार,
१७ मार्च

चि. शिवांजलीस अप्पांचा आशीर्वाद.

काल उमापूरला तुझ्या दारात आलो. वाटेवर होतो म्हणून डोकावलो असं म्हणालो, पण मुद्दामच आलतो. चार वर्षांचा अबोला विसरून तू भाकरी थापायला बसलीस.

"तू बी बस की," मी म्हणालो.

"अप्पा, आमचे बहाईंचे एकोणीस दिवसांचे उपवास चालू हायेत. दिवस मावळल्यावर खाईन."

मग मीही भूक न्हाई म्हणालो. खोटं बोललो, पोरी. पोटात लई कावळे वरडत होते, पण लेक उपाशी असताना घास उतरंना. दिवस मावळला, तू प्रार्थना म्हणालीस अन् आपण एका ताटात जेवलो.

विक्रांतशी लग्नाचा विषयही तू काढला न्हाईस. आई-बापाच्या संमतीबिगर तुमच्यात लग्न होत न्हाई, हे ठाऊक असूनच मी अडून बसलो. तू घरचा धर्म सोडलास, त्याचा राग असा काढला. दुसरी असती तर पळून गेली असती. तू थांबलीस.

यंदा पाडव्यानंतर दोनच दिवसांनी, एकवीस तारखेला, तुमचं नवं वर्ष, नवरोज. टपालानं हे पत्र तोवर पोचायचं न्हाई, अन् फोनवर हे बोलायला जीभ वळत न्हाई. म्हणून हे पत्र ठेवून देतो. संमतीचा कागद वेगळा लिहून मी अन् तुझ्या आईनं सही केलीय. तेवढा घेऊन नवरोजला मीच येतो.

नवरोजला पोळ्या करून द्यायच्या म्हणून तुझी आई आतापासूनच पुरणाची डाळ निवडायला बसलीय. आलो की विक्रांतलाही जेवायला बोलवू.

तुझा बाप,
मल्लिनाथ