नऊशे साठ नावांची हजेरी

डोंगराखाली, खुलताबाद
१८ जानेवारी २०२४

चि. कालिंदीस वैजनाथदादाचे अ. उ. आ.

तिळगूळ पोचला. पुंजारामनं त्याच्या शेतातल्या विहिरीच्या कोनाड्यात, आमच्या पायऱ्या सुरू होतात तिथं, ज्वारीच्या पोत्यांजवळ डबा ठेवला होता. पहारेकऱ्यानं डबा उघडून पाहिला, एक वडी सरनोबत बाईंना दाखवायला म्हणून नेली, ती काही परत आली नाही. चारशे वर्षं जमिनीखाली राहिली तरी फौज ती फौजच. उरलेल्या वड्या मी पोरांत वाटल्या. त्यांनी उंचीप्रमाणे रांग लावून घेतल्या आणि खाताना सुद्धा हुकमाची वाट पाहिली.

इथं थंडी कळत नाही, तसा उन्हाळाही कळत नाही. माझे डोळे मात्र मंदावलेत. दिव्याच्या उजेडात छत्तीस वर्षं वही लिहिली, आता एका अक्षराची दोन दिसतात. खोकलाही आहे. तू काळजीत पडावंस म्हणून लिहीत नाही, कशासाठी लिहितो ते पुढे येईलच.

आजोबा सांगायचे ते तुला आठवत असेल. ही माणसं दोन चंद्रांच्या मुलखातून कुणाच्या तरी मदतीला आली. ती आली आणि मागचं दार मिटलं. त्यांच्या राणीचा शेवटचा हुकूम तेवढा जवळ राहिला, की परतीचं शिंग वाजेपर्यंत थांबा आणि एकही माणूस कमी होऊ देऊ नका. तेव्हा ती नऊशे साठ होती, आज चारशे बारा आहेत. पण रोज दिवेलागणीला नऊशे साठ नावं पुकारली जातात आणि नऊशे साठ वेळा ‘हाजिर’ ऐकू येतं. मेलेल्याच्या नावाला जिवंत माणूस ओ देतो, आणि ओ देईल तो त्या नावाचा. भाकऱ्या थापणारी हवालदारीण पाच नावांना पाच आवाजांत ओ देते. त्यातला एक आवाज तिच्या नवऱ्याचा आहे. पहिल्या वर्षी मला हसू फुटायचं. आता तो आवाज आला की मी मान वर करत नाही.

त्यांना लिहिता येत नाही. म्हणून आपल्या मूळपुरुषानं शब्द देऊन ठेवला, की शिंग वाजेपर्यंत वही आमच्या घरचा माणूस लिहील. बारा वर्षांची एक बारी. मी उतरलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. दोन हजार साली आपला चुलतभाऊ सुदर्शन यायचा होता, तो रातोरात सुरतेला पसार झाला. दोन हजार बाराला तुझा हिमांशू जेमतेम चौदा वर्षांचा. अशा माझ्या तीन बाऱ्या झाल्या. ही तिसरी येत्या पाडव्याला संपते, आणि एका नावानं चौथी करता येत नाही असा इथला कायदा आहे.

तेव्हा हिमांशूला विचार. जोर करू नकोस, नुसतं विचार. मला वर यायचंय गं कालिंदी. गच्चीवर उन्हात बसून हुरडा खायचाय, दुसरं काही नाही.

लोभ तुझ्याकडे माझा पुष्कळ साठलाय, तो सांभाळ.

तुझा
दादा

•

शहागंज, छत्रपती संभाजीनगर
४ फेब्रुवारी २०२४

ती. दादास कालिंदीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पुंजाराम बाजाराला आला तेव्हा देऊन गेला, आणि जाताना म्हणाला की सायबाचं खोकनं आता पार विहिरीपातुर ऐकू येतंय, लई जपा म्हनावं. ते ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

आधी चांगली बातमी. हिमांशूच्या बायकोला, श्रेयाला, पाचवा महिना लागलाय. तू आजोबा होणार. बजाजनगरच्या दोन खोल्यांत दोघांचा संसार आहे, आणि कंपनीत त्याची पाळी दर आठवड्याला बदलते. तो घरी असतो तेव्हा झोपलेला असतो. त्यामुळे अजून बोलणं झालेलं नाही, बोलेन.

डोळ्यांत घालायचे थेंब आणि खोकल्याचं औषध पाठवते आहे. स्वेटरही विणलाय. तुझं माप मला छत्तीस वर्षांपूर्वीचंच आठवतं, तेव्हा बाह्या कमीजास्त झाल्या तर दुमडून घे, विणकामाला नावं ठेवू नकोस.

आणि दादा, मीच येऊ का? हे जाऊन सहा वर्षं झाली, घरात मी एकटी. अक्षर तर माझं तुझ्यापेक्षा चांगलं. शाळेत बक्षीस कुणाला मिळालं होतं ते तुला ठाऊक आहे.

उत्तराची वाट पाहते.

तुझी
कालिंदी

•

डोंगराखाली
१६ फेब्रुवारी २०२४

चि. कालिंदीस अ. उ. आ.

आजोबा होणार हे वाचून मी वहीवर शाई सांडली. सगळ्यांना सांगितलं. सरनोबत बाईंनी विचारलं की बाळाला नाव कुणाचं मिळणार. मी म्हटलं, वर बाळाला नवं कोरं नाव ठेवतात, कुणा मेलेल्याचं नाही. त्यांना ते फार उधळेपणाचं वाटलं.

स्वेटर बसला. बाह्या लांब नाहीत, मीच आखूड झालोय.

तुझं येणं व्हायचं नाही. भरतीचं वय तिशीच्या आतलं लागतं, आणि तीनशे सदतीस पायऱ्या आहेत. तुझे गुडघे चाळिसावीलाच संप पुकारतील. बक्षिसाचं म्हणशील तर परीक्षक मास्तर आपल्या मामांचे मित्र होते, एवढीच आठवण करून देतो.

पण एक गोष्ट तुला आजवर लिहिली नव्हती. वहीवाला गैरहजर राहिला तर त्याला शिक्षा नाही. फौज त्याला आणायला जाते. आजोबांच्या वडिलांच्या वेळी असे चाळीस जण दिवसाउजेडी बाहेर पडले. विहिरीपासून शंभर पावलं गेले असतील, तेवढ्यात उन्हानं सगळ्यांचे डोळे गेले. एकमेकांच्या खांद्याला धरून परत आले. आता मी नुसता निघून आलो तर ही चारशे बारा माणसं नव्या वहीवाल्याला आणायला बजाजनगरची वाट धरतील. पोरं पुढे असतील, कारण त्यांची नजर तेज. दोनशे पोरांची बारशी मी लिहिलीत, कालिंदी. म्हणून मला पळून येता येत नाही.

हिमांशूला विचार तरी.

तुझा
दादा

•

शहागंज
१० मार्च २०२४

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा फाडलं. आता लिहिलं ते पाठवते, वाचून माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटू दे.

परवा मुद्दाम बजाजनगरला गेले. बसमध्ये सगळं घोकून ठेवलं होतं, मूळपुरुषापासून. दार उघडलं तर हिमांशू जमिनीवर बसून पाळण्याचे स्क्रू आवळत होता. आई, हे बघ हलत नाही ना, असं म्हणून त्यानं मला पाळण्यात दहा किलोची तांदळाची पिशवी ठेवायला लावली आणि झोके दिले. मी तांदळाला झोका दिला, चहा घेतला आणि परत आले.

पण खरी गोष्ट त्याच्याही आधीची आहे. सुदर्शन पळाला त्या वर्षी हिमांशू दोन वर्षांचा होता, आणि मला हिशेब कळला होता की आज ना उद्या माझ्या पोराची बारी येणार. तेव्हाच तो बोबडं बोलत विचारू लागला की मामा कुठं असतो. मी सांगितलं, मामा वारला. तुझ्या कॉलेजातल्या फोटोला हार घातला. दादा, चोवीस वर्षं तो हार तिथं आहे आणि दर दिवाळीला मी तो पुसते. तुझी पत्रं डाळीच्या डब्याखाली ठेवते.

हे गेले तेव्हा सुद्धा तू पत्रातून मला सावरलंस, आणि मी त्याच खोलीत तुला मेलेला करून बसले होते. मी माझ्या मुलाला निवडलं, तुला नाही. आजही विचारलंस तर हेच करीन. त्याची लाज वाटते, आणि तरी तेच करीन.

आता तू म्हणशील ते. फक्त त्याला विचार असं म्हणू नकोस. तो माझा मुलगा आहे, विचारलं तर तो हो म्हणेल. त्याचीच मला भीती आहे.

तुझी
कालिंदी

•

डोंगराखाली
२४ मार्च २०२४, होळी

चि. कालिंदीस अ. उ. आ.

हार कसला आहे? चंदनाचा असेल तर ठीक, प्लास्टिकचा असेल तर मात्र मी रागावेन.

दोन दिवस मी भाकरी परत पाठवली, हे लपवत नाही. चोवीस वर्षं मी ज्या घरी यायचं मनात धरून होतो, तिथं मी भिंतीवर आहे हे वाचून वाईट वाटलं, फार वाटलं. तिसऱ्या दिवशी हवालदारीण भाकरी घेऊन आली आणि तिनं विचारलं की घरी कुणी गेलं का. मी म्हटलं, हो. तिनं विचारलं, मग त्याच्या नावाला कोण ओ देतं? उपाय मला तिथंच सापडला.

नीट वाच. पाडव्याला मी हिमांशूचं नाव वहीत भरती म्हणून लिहीन. पुकारा झाला की मी ओ देईन. इथं ओ देईल तो त्या नावाचा, त्यामुळे यात त्यांच्या दृष्टीनं खोटं काहीच नाही. सरनोबत बाई स्वतः त्या नावाच्या नवव्या आहेत. वैजनाथची बारी संपली, तो घरी गेला. हिमांशूची पहिली बारी सुरू. तुझ्या हिमांशूला कुणी बोलवायचं नाही, पोरांना उन्हात जावं लागायचं नाही. बारा वर्षांनी तुझा नातू बारा वर्षांचाही झालेला नसेल, तेव्हाचं तेव्हा.

फक्त घरी गेलेला माणूस पोचल्याची पोच घरून लिहून यावी लागते. ती हजेरीत सगळ्यांसमोर वाचली जाते. ती मी इथं बसून लिहू शकलो असतो, वाचणारा मीच. पण छत्तीस वर्षांत कागदावर नसलेला शब्द मी यांना वाचून दाखवलेला नाही, आणि हीच एक गोष्ट माझ्याजवळ आहे. तेव्हा पोच तुझ्या हातची हवी. दादा सुखरूप घरी आला, एवढं लिही.

यापुढे माझी पत्रं हिमांशूच्या नावानं येतील, आणि तूही मला तसंच लिही. शहराचं नाव बदललं तरी पुंजारामाची वाट तीच राहिली ना, तसंच माझं समज. मला मात्र तुझ्या ‘दादा’वाचून चुकल्यासारखं होईल.

हार काढू नकोस म्हणत नाही, काढ म्हणतही नाही.

या नावानं शेवटचे आशीर्वाद.

तुझा
वैजनाथदादा

•

डोंगराखाली
१० एप्रिल २०२४

ती. आईस हिमांशूचा शि. सा. नमस्कार वि. वि.

काल पाडव्याला मी हजर झालो. पहिल्या दोन पुकाऱ्यांना माझं लक्ष नव्हतं, तिसऱ्याला ओ दिली. नवीन भरतीला असं होतं, असं म्हणून सरनोबत बाईंनी सांभाळून घेतलं. हवालदारणीनं मला गूळ दिला.

मामा कालच निघाला. निघताना सगळी पोरं पायऱ्यांपर्यंत पोचवायला आली. तो पोचला का ते कळव. त्याचे डोळे अधू आहेत, एकदम उन्हात बसवू नकोस, आधी दाराआड बसव. खोकला आहे, पण औषधाला नाही म्हणणार नाही. फार बोलायला लागला तर बोलू दे. इतकी वर्षं त्याला मोठ्यानं हसता आलं नाही, इथं आवाज घुमतो.

माझी काळजी करू नकोस. स्वेटर आहे. श्रेयाला जप आणि बाळ झालं की मुलगा की मुलगी ते लगेच कळव.

तुझी माया आहेच, तिच्यावर निभावेल.

तुझा
हिमांशू

•

शहागंज
१६ एप्रिल २०२४

चि. हिमांशूस आईचे अ. उ. आ.

पोच देते. माझा भाऊ वैजनाथ पाडव्याच्या दिवशी सुखरूप घरी आला. हे मी माझ्या हातानं लिहिलं आहे, ते सर्वांना वाचून दाखव.

हुरड्याचे दिवस सरले, म्हणून ज्वारीच्या लाह्या फोडल्या. त्याचं पान माझ्याशेजारी मांडते. तू लिहिलंस तसं आधी दाराआड बसवलं, दोन दिवसांनी गच्चीवर चटई टाकली. मी खूप बोलते, तो ऐकून घेतो. चोवीस वर्षांपूर्वी केलेल्या एका गोष्टीची माफी मागितली. तो कधी मला रागावलाच नाही, त्याचंच मला जास्त वाईट वाटतं.

भिंतीवरचा हार काढला. चंदनाचाच होता. सोमवारी बजाजनगरहून पोरं आली, त्यांच्या लक्षात आलं की हार नाही. मी सांगितलं की माझी चूक झाली होती, मामा आहे. कुठं आहे, असं विचारलं. श्रेयाचं बाळंतपण नीट होऊ दे, मग सगळं सांगेन असं म्हटलं. आणि सांगेन. या वेळी पळवाट काढणार नाही.

तुझी बारी दोन हजार छत्तीसच्या पाडव्याला संपेल. मी सदुसष्ट वर्षांची असेन. गुडघे साथ देवोत न देवोत, विहिरीवर घ्यायला मीच येणार.

बाकी सर्व क्षेम. रोज दिवेलागणीला, तुमच्याकडे हजेरी होते त्याच वेळी, मी गच्चीत उभी राहून माझ्या भावाचं नाव मोठ्यानं घेते. त्याला अलीकडे कमी ऐकू येतं. म्हणून त्याच्या वतीनं मीच हाजिर म्हणते.

तुझी
आई