ताकदीच्या गोळ्यांची डबी

बाबा,

तुम्ही गेल्याला बारा वर्षं झाली. मोहाडीचं आपलं मेडिकल आता मीच चालवते. परवा औषधांचं नवं पुस्तक आलं. गरोदर बाईला कोणतं औषध किती धोक्याचं, हे सांगणारी ए, बी, सी, डी, एक्स ही अक्षरं त्यातून काढून टाकलीत. आता प्रत्येक औषधापुढे परिच्छेदच्या परिच्छेद आहेत. ते वाचताना तुमची आठवण झाली आणि तुमचा रागही आला. मेलेल्या माणसावर रागवायचं कसं, हे मला अजून जमत नाही.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या सुमारास मी डी.फार्म. होऊन घरी आले. तुम्ही नागपूरहून औषधांचा जाडजूड ग्रंथ मागवून माझ्यापुढे ठेवलात, आणि मी तो हावऱ्यासारखा वाचून काढला. तेव्हा माग चालवणाऱ्या घरातली एक बाई दर महिन्याला दुकानात यायची. तिच्या मुलीला लहानपणापासून मिरगी, फिट यायच्या. मुलगी कोंढा गावाकडे धानाची शेती असलेल्या घरात दिली, पण मिरगीचं सासरी सांगितलंच नाही. म्हणून तुम्ही मिरगीच्या गोळ्या पट्टीतून काढून लोहाच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत भरून द्यायचात. वर तुमच्या सुंदर अक्षरात लिहायचात: ताकदीच्या गोळ्या, रोज एक. मी तुम्हाला म्हटलं, ही गोळी डीमध्ये आहे, पोटातल्या बाळाच्या कण्याला तिचा धोका असतो. दिवस जायच्या आधीच तिला मोठ्या डॉक्टरकडे पाठवा, गोळी बदलता येते का ते विचारू द्या. गिऱ्हाइकांसमोर तुम्ही माझ्यावर डाफरलात. "चार बुकं वाचून आली तं बापाले शिकवून राहिली काय? गोळी बंद केली तं झटके येतीन. सासरी समजलं तं पोरगी घरी येईन. मंग तू सांभाळशीन काय तिले?"

गोळी बंद करा असं मी म्हटलंच नव्हतं. झटक्यांबद्दल तुमचं बरोबर होतं, आपल्या मनाने ती बंद करणं आईच्या जिवावर बेततं. पण तुम्ही पुढचं ऐकून घेतलं नाहीत, आणि मी तुमच्याशी कामापुरतंच बोलू लागले.

त्या मुलीची सासू वाईट नव्हती, हेच सगळ्यात वाईट. सुनेला दिवस गेल्याचं कळल्यावर ती ताकदीच्या गोळ्या रोज दोन देऊ लागली, समोर उभी राहून, स्वतःच्या हाताने पाणी देऊन. सून नाही म्हणाली असती तर का, ते सांगावं लागलं असतं. मुलगा झाला तो कंबरेजवळ पाठ उघडी असलेला. पाय हलत नव्हते. नागपूरला नेला. बाईला कोणती औषधं चालू होती, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सासूने कौतुकाने पिशवीतून डबी काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी गोळी ओळखली. नवव्या दिवशी बाळ गेलं आणि महिन्याभरात मुलगी कायमची माहेरी आली.

त्यानंतर तुम्ही काउंटरवर बसणं सोडलंत. आईला म्हणालात, "हे पाप माह्यावर हाय. आपल्या पोरीनं सांगतलं होतं, मीच आयकलं नाही." घरात सगळ्यांनी ते मान्य केलं. मीही केलं.

आता राहिलेलं सांगते. एक दिवस तुम्ही जेवायला गेला होतात आणि ती बाई महिना भरायच्या आतच आली. माझ्याजवळ वाकून म्हणाली, "पोरीले दिवस गेले, दुसरा लागला. तुह्या बापाले नको सांगू माय, बाप्यामाणसायले आतापासून सांगत नाही." डबी इतक्या लवकर कशी संपली, हे मी विचारलं नाही. मोजून गोळ्या भरल्या आणि दिल्या. कणा पहिल्या महिन्यातच घडतो, म्हणजे तेव्हा कदाचित उशीर झालाच होता. इतकी वर्षं मी याच वाक्याआड लपून बसले. पण त्या दिवशी मी गप्प बसले ती यामुळे नाही, आणि बाई नको म्हणाली म्हणूनही नाही. मी तुमच्यावर रुसले होते. तुमचं चुकलेलं मला पाहायचं होतं.

शेवटच्या आजारात तुम्ही एकदाच विचारलंत, "तिले दिवस गेले, हे तुले माहीत होतं काय?"

मी म्हटलं, "नाही." तुम्ही डोळे मिटून घेतलेत, आणि मला बरं वाटलं.