जाळीमागचा पुठ्ठा

वेइक्को,

सूप शेगडीवर आहे, गरम करून घे. मी बसने आईकडे चाललेय.

सकाळी बाजारात जाताना गाडी इतकी तापली की काटा थेट लालमध्ये. कशीबशी घरी आणली, गार होऊ दिली आणि तपासत बसले. पाणी पुरेसं, गळती नाही, पंखाही फिरतोय. मग पुढच्या जाळीत टॉर्च मारला, तर रेडिएटरसमोर पुठ्ठा!

आपला हिवाळ्यातला पुठ्ठा मी एप्रिलमध्येच काढून सौनाच्या भट्टीत घातला होता. हा नवा आहे. गेल्या आठवड्यात तू गाडी घेऊन भावाची बोट रंगवायला खाली दक्षिणेत, तुर्कूला गेला होतास ना? तिथे लोक किनाऱ्यावर ऊन खात बसलेत. मे महिन्यातही इंजिन गारठू नये म्हणून पुठ्ठा लावतात ते पार वर उत्तरेला, लॅपलंडच्या बर्फात.

आणि तू तर पुठ्ठा हाताने फाडतोस नि कोंबतोस. हा कात्रीने अगदी मापात कापलाय, कडांना चिकटपट्टीसुद्धा लावलीये. तुझी एवढी काळजी घेणारी कोण, ते मी विचारत नाही. फक्त तिला सांग, आमच्याकडे उन्हाळा लागलाय.

आइला