गिरिजक्कांची पाठ

प्रिय अम्मा,

प्रभू ईशो घरच्या सगळ्यांना सांभाळो. मी बरी आहे, जेवणही वेळेवर होतं.

नर्सिंगच्या संशोधनासाठी इथल्या रुग्णालयात अंथरुणाला खिळलेल्या बायकांचे दोन गट केलेत. एका गटाला मी सारखी कूस बदलून देते, दुसऱ्याच्या पाठीवरच्या जखमा मोजपट्टीने नुसत्या मोजते. त्यातूनच फरक कळतो.

गिरिजक्का दुसऱ्या गटात होत्या. परवा म्हणाल्या, "रोज पट्टी लावतेस, शिंपीण आहेस काय गं? जरा वळव की मला!"

मी वळवलं. पण जखम हाडाला भिडली होती. आज त्या गेल्या.

संशोधनाच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "वळवलंस ना? मग त्यांना अभ्यासातून वगळ."

अम्मा, आपली अम्मच्ची, माझी आजी, घरी खाटेवरच पडून असते; तिला कोण वळवतं? वाचून झालं की आधी तिची पाठ बघ.

तुझीच,
जिन्सी