भांड्यांवर एकच नाव

मी, वसंत श्रीपतराव दिघे, वय ब्याऐंशी, निवृत्त मराठी शिक्षक, राहणार नागरवाडा, बडोदे, हे मृत्युपत्र स्वखुशीने व शुद्धीवर असताना लिहितो. म्हाताऱ्याचे डोके फिरले होते असे माझी दोन्ही मुले म्हणतीलच, म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. दुसरीपासूनच्या सगळ्या कविता मला अजून पाठ आहेत, हा दाखला वेगळा.

१. नागरवाड्यातील राहते घर माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. माझ्या पश्चात ते सून मृदुला उन्मेष दिघे हिच्या पूर्ण मालकीचे होईल. मृदुलेला एचआयव्ही आहे. हे कागदावर घालण्यास तिची संमती घेतली आहे. मी विचारले तेव्हा ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "लिहा बाबा. अख्ख्या गल्लीला सांगून झालंय त्यांचं, कागदानं काय घोडं मारलंय?"

२. मुलगा उन्मेष याने तिला घराबाहेर काढण्यासाठी वकिलाची नोटीस धाडली आहे. तिच्या आजाराने म्हणे घराण्याची अब्रू गेली. अशा बाईला राहत्या घरातून काढता येत नाही, असा कायदा आहे. वकिलाने तो वाचलेला दिसत नाही. खुद्द उन्मेषच्या प्रकृतीविषयी मी येथे काही लिहीत नाही. तोच कायदा त्याचेही गुपित राखतो. इतकेच नोंदवतो की मृदुलेला हा संसर्ग उंबरठ्याबाहेरून आलेला नाही. "आधी तपासून घ्या, तोवर मला हात लावू नका," असे ती नवऱ्याला म्हणाली होती. त्याने उत्तर पट्ट्याने दिले, आणि मग हवे ते केलेच. तिच्या मनगटाला प्लास्टर घालायला मी घेऊन गेलो होतो. बाईच्या 'नाही'ला या घरात किंमत असती, तर आजार तिच्यापर्यंत पोचताच ना. हे कळायला पदवी लागत नाही. उन्मेषकडे दोन आहेत.

हाच उन्मेष चौथीत, माझ्याच वर्गात, आईची कविता म्हणताना रडायचा. खिडकीतून कोवळे ऊन बाकांवर यायचे, चाळीस पोरे गप्प व्हायची. ते ऊन मला अजून दिसते. आवाज गोड होता हो. आत काही नव्हते.

३. सबब उन्मेषला शाळेत पाठांतरात मिळालेली ढाल व दाराआड टांगलेला कातडी पट्टा द्यावा. पट्टा कमरेला बांधतात, हे त्याने आता तरी शिकावे.

४. मुलगी मोहना सूक्ष्मजीवशास्त्रात पहिल्या वर्गात पास झाली. मृदुलेची ताट, वाटी, पेला ही भांडी वेगळी ओळखू यावीत म्हणून हिने ती मांडवी बाजारातल्या कारागिराकडे नेऊन त्यांवर तिचे नाव घालून आणले. म्हणाली, "उगाच रिस्क कशाला ने, बाबा?" आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ते भांडे कोणाचे हे कळावे म्हणून. माणूस वाळीत टाकायलाही ते चालते, हा शोध पहिल्या वर्गाचा. मोहनाला तिची गुणपत्रिका परत द्यावी.

५. त्यानंतर मी उरलेली सगळी भांडी रिक्षात घालून त्याच कारागिराकडे नेली.

"बधां पर एक ज नाम, काका?"

"एकच. मृदुला."

"ने आ पेलो? आ तो तमारो छे."

"हो, माझा. त्यावरही."

घरी आल्यावर मृदुला भांडी उलटीपालटी करत बसली. "आता तुम्ही चहा कशातनं घेणार, बाबा?" म्हटले, तुझ्याच पेल्यातून. रोज घेतो. आमच्या डॉ. नीरजाबाईंनी हसून सांगितले, की पेल्यातून फक्त चहाच पोटात जातो.

सबब घरातील एकूण एक भांडी मृदुलेची. नावे वाचून खात्री करावी.

६. कवितांची जुनी पाठ्यपुस्तके मृदुलेला. आईची कविता तिने वगळली तरी चालेल.

७. माझ्या तेराव्याचे जेवण याच घरात, याच ताटांत वाढावे. वाढायला आचारी सांगावा; मृदुला पंगतीच्या मधोमध बसून जेवेल. उन्मेष व मोहना यांपैकी जो तिच्या नावाच्या ताटात पोटभर जेवेल, त्याला बँकेतील ठेवीत वाटा मिळेल. पोट बिघडले आहे, उपास आहे, या सबबी मी शाळेत खूप ऐकल्या आहेत. कागदी पत्रावळ सोबत आणणारा जेवला नाही असे धरावे. न जेवणाऱ्याचा वाटा मृदुलेचा.

ताट उष्टे टाकू नये. तळाला नाव असते, ते दिसेपर्यंत जेवावे.

वाचून, समजून, सही केली.
वसंत श्रीपतराव दिघे
बडोदे, ता. ११ जुलै २०२४

वरील सही आमच्यासमोर झाली. आम्हीही एकमेकांसमोर सह्या केल्या. साक्षीदार:
१. डॉ. नीरजा अनुज राजे
२. उदयसिंहराव फत्तेसिंहराव माने, शेजारी (दोघांनीही चहा घेतला.)